गोठ्यातली आई की पाचशेरी

ये गं, अशी जवळ ये. दारात चपला घालून, गाडीची किल्ली बोटात फिरवत कुणी आजीला प्रश्न विचारतं का? "आजी, तुमच्या शाळेत इतिहास कसा शिकवायचे?" एवढं विचारलंस, मी पदर सावरून सांगायला बसले, तर म्हणालीस, पुढच्या वेळी. तुझी पुढची वेळ कधी येते ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून लिहूनच काढते. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पुढचं वाचणं-लिहिणं माझं मीच शिकले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तूच बघून घे.

तू मला तुमच्या त्या संग्रहालयात नेलं होतंस ना, शाळेची पोरं आली होती त्या दिवशी. खाली गोल करून बसली होती आणि तू त्यांच्या हातात एकेक जुनी वस्तू देत होतीस. "ओळखा बरं, हे काय असेल?" पोरं खिदळत होती. मी मागं खुर्चीवर बसले होते. तुला वाटलं मला कंटाळा आला. कंटाळा नव्हता गं. हे सगळं मी आमच्या गावात, धरणाच्या काठावर, फरशी नसलेल्या खोलीत बघितलेलं होतं, आणि त्यातली एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही, तीच डोक्यात फिरत होती.

आमचं गाव म्हणजे वर आलेलं गाव. मूळ गाव खाली, नदीच्या अंगाला. मुळशीचं धरण बांधलं, पाणी चढलं आणि माणसं गुरंढोरं, वासे, कौलं घेऊन डोंगराच्या कुशीत सरकली. हे माझ्या जन्माच्या पुष्कळ आधीचं. मी शाळेत होते तेव्हा त्याला तीसेक वर्षं झालेली. म्हणजे आमच्या घरातल्या मोठ्या माणसांना सगळं आठवत होतं आणि आम्हां पोरांना काहीच माहीत नव्हतं. "आपलं गाव" म्हणून मोठी माणसं पाण्याकडं हात करायची, आणि आम्ही बघायचो तर नुसतं पाणी.

आमचे गुरुजी पिरंगुटाकडचे. तरुण होते, नुकतं लग्न झालेलं. एकदा पुण्याला जाऊन ते कुठलंसं संग्रहालय बघून आले. आम्हांला न्यायची त्यांना फार हौस, पण एवढ्या पोरांना पुण्याला न्यायचं कसं? मग ते म्हणाले, आपणच इथं एक करू. शाळेच्या मागं पडीक खोली होती, ती आम्ही शेणानं सारवली. पोरांनी घराघरांतून जुनं काय काय आणलं. पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं आणलं, गाईच्या गळ्यातली लाकडी घंटा आणली, विस्तव पाडायची चकमक आणली. एकानं आजोबांचा अडकित्ता आणला, तो संध्याकाळी आजोबाच येऊन परत घेऊन गेले, त्यांचं पान अडलं होतं. आणि पुण्याच्या संग्रहालयात म्हणे 'हात लावू नये' अशी पाटी होती, तर गुरुजींनी खडूनं दारावर लिहिलं, 'हात लावून पाहावे'.

शनिवारी त्या खोलीत खेळ असायचा. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, मांडीवर एक वस्तू ठेवायची आणि हातानं चाचपून सांगायचं, हे काय, कुणाच्या कामाचं, झिजलंय कुठं. कुठं झिजलंय ते गुरुजींना हवंच असायचं. म्हणायचे, जिथं झिजलंय तिथं माणूस होता.

त्या साली वैशाखात धरणाचं पाणी लई खाली गेलं. जुन्या गावठाणाची जोती उघडी पडली. गुरुजी आम्हांला घेऊन खाली उतरले. तळाचा गाळ वाळून त्याच्या खापा झाल्या होत्या, त्यांवर पाय ठेवला की कडा मोडायची. आम्ही काठ्यांनी उकरत होतो. खापरं निघाली, एक कोयंडा निघाला, काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. आणि दोन जोत्यांच्या मधल्या बोळात एक दगड निघाला. सोललेल्या नारळाहून थोडा मोठा, गुळगुळीत, बूड सपाट, वरच्या अंगाला बोटाचं पेर मावेल असा खळगा. खळग्यात तांबूस डाग. गुरुजींनी तो धुतला, फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "मला कळत नाही बुवा." गुरुजींना कळत नाही याचाच आम्हांला केवढा आनंद झाला. तो दगड खोलीत बाकावर ठेवला आणि त्याच्यापुढं कागद लावला, 'ओळखा'.

आता इथं थोरली येते. थोरली म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. एकाच घरात आमच्या दोन चुली होत्या. थोरली लग्न होऊन आली ती जुन्या गावात, पाणी चढायच्या आदल्या वर्षी, पोरसवदाच होती. सासूनं तिला पहिलं काम दिलं ते गोठ्यातल्या आईचं. आई म्हणजे देवी. तिला नाक नाही, डोळे नाहीत, नुसता एक दगड, गोठ्याच्या कोनाड्यात बसवलेला. रोज सकाळी थोरलीनं त्याच्यावर तांब्याभर पाणी घालायचं, हळदीकुंकू लावायचं, मग गुरं सोडायची. पुढं पाणी चढायला लागलं, धावपळ झाली. थोरलीला वाटलं, आईला नवरा घेईल. नवऱ्याला वाटलं, रोजची पूजा ही करते, हीच घेईल. दोघं वर आले, सामान सोडलं आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. तोवर गोठा पाण्याखाली.

तेव्हापासून आमच्या देव्हाऱ्यात आईच्या जागी सुपारी. आणि घरात लग्न निघालं की पहिली अक्षत आईला द्यायची असते ना, ती थोरली धरणाच्या काठाला जाऊन पाण्यात सोडायची. सोडून आली की दोन दिवस नवऱ्याशी बोलायची नाही. माझे चुलते म्हणायचे, लग्नाचा सगळ्यात मोठा खर्च हाच.

त्या वैशाखात नेमकं थोरलीच्या लेकीचं लग्न ठरलेलं. आणि मी घरी जाऊन सांगितलं की गावठाणात असा असा दगड सापडला. थोरली भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली ती टाकलीच, उलटायची राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेत सगळे. चुलत्यांनी दारातूनच दगड बघितला आणि म्हणाले, "हीच. हीच आपली आई. उचला." थोरली त्यांच्याकडं बघतच राहिली. मग सावकाश म्हणाली, "तुमी गोठ्यात कदी पाऊल टाकलं व्हतं? तुमाला भांडान मिटवायचंय म्हून हीच."  खरंच होतं ते, धारसुद्धा कधी त्यांनी काढली नव्हती. पण चुलत्यांनी इतक्या झटक्यात ओळखलं म्हणूनच थोरलीच्या मनात किंतु आला. ती म्हणाली, आपली आई असली तर तिला तिच्या जागेवर न्यायलाच पाहिजे, पोरीच्या लग्नाआधीच. पण आपली नसली आणि दुसऱ्याच्या घरचा देव आपण घरात घेतला तर? त्याचं देणंघेणं आपल्याला काय ठाऊक? आणि नुसताच धोंडा असला तर लग्नात वऱ्हाडी हसतील ते वेगळंच.

तोवर गावातले वाणी आले, किराणा दुकानवाले. म्हातारे होते, कमरेत वाकलेले. त्यांनी दगड बघितला आणि म्हणाले, ही तर माझ्या बापाची पाचशेरी. जुन्या गावात त्यांचं दुकान होतं आणि पाच शेरांचं वजन दगडाचं होतं. वरचा खळगा म्हणजे सरकारी छाप, झिजलेला. थोरली म्हणाली, छाप कसला, तो कुंकवाचा खळगा. डाग बघा. वाणी म्हणाले, डाग मातीचा. इथली मातीच तांबडी. आता दोघंही खरंच बोलत होते. माती तांबडीच आहे आमची, कुंकू लावलेलं आणि चिखलात पडलेलं ओळखू येत नाही.

गुरुजी म्हणाले, यात भांडायचं काय, तोलून बघू. वाण्यांचा तराजू आणला. तेव्हा नवी किलोची वजनं नुकतीच आलेली, दुकानात जुनी आणि नवी दोन्ही, आणि वाण्यांचा स्वतःचाच रोज घोळ व्हायचा. आधी जुन्या शेरांनी तोललं, तर पाच शेराला थोडं कमी भरलं. मग किलोनं तोललं, तर किती व्हायला पाहिजे यावरच वाद. वाणी म्हणाले, इतकी वर्षं पाण्यात होतं, झिजलं असेल. तेव्हा मागून माझे चुलते म्हणाले, "शेट, तुमच्या बापाचंच वजन हाय मंग. ते पयल्यापास्नं कमीच भरायचं." सगळी शाळा हसली, गुरुजी भिंतीकडं तोंड करून हसले. वाणी म्हणाले, हसा, पण दगड माझा. आणि चुलत्यांच्या ध्यानात आलं की मघाशी आपण आई म्हणालो आणि आता वजन म्हणून बसलो. त्यांना थोरलीकडं बघवेना.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. मला तर काही समजेनासंच झालं. मी त्या दगडावर खाली गावठाणात बसून घाम पुसला होता. आई असेल तर पाप झालं, वजन असेल तर काहीच झालं नाही. कुणाला विचारायचं?

कुणीतरी म्हणालं, कौल लावा. म्हणजे ओलं फूल दगडाला चिकटवायचं आणि उजवीकडं पडतं का डावीकडं ते बघायचं. बायका फुलं घेऊनच आल्या. तर थोरली म्हणाली, आधी मला सांगा, कौल द्यायला देवी लागते ना? हा दगड देवी असला तरच तो उत्तर देणार. नसला तर फूल आपलं वाळून पडणार, आणि आपण म्हणणार, देवी बोलली. यावर सगळ्या बायका विचारात पडल्या. एक म्हणाली, उजवीकडं पडलं तर देवी. थोरली म्हणाली, आणि वाऱ्यानं पडलं तर? फुलं तशीच ओट्यावर राहिली. संध्याकाळी शेळीनं खाल्ली.

मग थोरलीनं काय करावं? ती शनिवारी शाळेत आली आणि आमच्या ओळीत येऊन बसली. गुरुजींना म्हणाली, माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधा आणि मांडीवर द्या. तिला वाटलं, डोळ्यांना नाही तरी हाताला आठवेल. रोज पाणी घातलं होतं या हातांनी. गुरुजींनी रुमाल बांधला. बाहेर कोंबडी उकरत होती ते ऐकू येत होतं. थोरलीनं दगड चाचपला. बूड बघितलं, बाजू बघितल्या, खळग्यात अंगठा ठेवला. कितीतरी वेळ अंगठा तिथंच ठेवून बसली. तिचं तोंड कसंनुसं झालं. मला वाटलं, ओळखली.

रुमाल तिनं स्वतःच काढला. म्हणाली, "गुरुजी, हात बी न्हाई बोलत. तवा हात कवळं व्हतं माजं. आता ह्यो घट्ट्यांचा हात, ह्येला काय कळतंय?" आणि उठून निघून गेली. पदर नीट करायचंसुद्धा तिला भान नव्हतं.

पुढं आणखीनच घोटाळा झाला. थोरली ठरवत नाही म्हटल्यावर गावानं आपापलं ठरवून टाकलं. कुणी येता-जाता दगडाला कुंकू लावून जायचं, कुणी पुढं खोबऱ्याची वाटी ठेवायचं. वाणी येऊन कुंकू पुसायचे, म्हणायचे वजन खराब करू नका. शनिवारचा खेळ बंद पडायची वेळ आली. पोरं दारातच अडायची. हात लावायचा का हात जोडायचे? एक मुलगा दोन्ही करायचा, आधी नमस्कार आणि मग चाचपणं.

अशात पलीकडच्या काठाच्या गावची शाळा आमची खोली बघायला येणार असं ठरलं. होडीनं आली पोरं, त्यांचे गुरुजी, बरोबर भाकऱ्यांची गाठोडी. ती पोरं पण पाण्यातून वर आलेल्या गावांतलीच. त्या दिवशी थोरली सकाळपासून शाळेच्या दाराशी उभी होती. लग्न तोंडावर आलेलं, घरात अक्षता रंगवून ठेवलेल्या, आणि पहिली अक्षत कुठं द्यायची हे ठरत नव्हतं. पाण्यात सोडावी तर आई पाण्यात नसेल. इथं वाहावी तर आई इथं नसेल. मोकळी अक्षत गेली तर लग्न आईविना लागायचं. चुलते तिला म्हणत होते, सुपारीपुढं ठेव आणि मोकळी हो. ती ऐकत नव्हती.

पाव्हणी पोरं गोल करून बसली. इरलं झालं, घंटा झाली, चकमक झाली. दगडाची पाळी आली तसे गुरुजी थांबले. दगडावर त्या सकाळचं ओलं कुंकू होतं. ते दाराशी आले आणि थोरलीला हळूच म्हणाले, "वहिनी, मी बाहेरचा माणूस. मला यातलं कळत नाही. तुम्ही नको म्हणालात तर हा दगड मी आजपासून पोरांच्या हातात देणार नाही. तुम्हीच सांगा, देऊ का नको?"

थोरलीनं आत डोकावलं. आत पोरं वाट बघत होती. त्यांच्यातली एक बारीक पोर रुमाल बांधून हात पुढं करून बसली होती, मांडी घालून, दोन्ही तळवे वर.

थोरली म्हणाली, "द्या."

गुरुजी तरी उभेच. मग ती म्हणाली, "आई असंल तर तीस वरसं पान्यात व्हती. कुनी हात लावला न्हाई तिला. पोरांनी लावू द्या."

"आणि नसली तर?"

"नसंल तर वजन हाय. वजनाला काय व्हतंय?"

गुरुजींनी दगड त्या पोरीच्या मांडीवर ठेवला. तिनं चाचपला, कुंकू तिच्या बोटांना लागलं, ते तिनं न बघता परकराला पुसलं. गुरुजींनी विचारलं, काय आहे? पोरगी म्हणाली, "ठावं न्हाई. पन गार हाय." सगळी हसली. मग ओळीनं सगळ्यांच्या मांडीवर तो दगड फिरला. कुणी म्हणालं वरवंटा, कुणी म्हणालं दाराची उखळी. थोरली शेवटचं पोर होईपर्यंत उभी राहिली आणि मग घरी जाऊन कामाला लागली.

संध्याकाळी अक्षतांचं ताट घेऊन ती निघाली तेव्हा मी तिच्या मागं होते. ती आधी शाळेत गेली. दगडापुढं चिमूटभर ठेवली, लेकीचं लग्न आहे, यावं, असं म्हणाली. मला वाटलं, झालं ठरलं. पण तिथून ती तडक खाली पाण्याकडं उतरली आणि तिथंही तेवढीच सोडली, तेच म्हणाली. वाटेत चुलते भेटले. ते म्हणाले, "एकीला दोन डाव आवतान?" थोरली म्हणाली, "तुमी एकदा इसरलात. म्या दोनदा बलावते." आणि त्या खेपेला ती त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरायची विसरली.

लग्न चांगलं झालं. वाणी जेवायला आले होते, बुंदीच्या पंगतीला बसून म्हणाले, पाचशेरीनं तोलून घातलीय का बुंदी? थोरलीनं त्यांना जास्तीची वाढली.

त्यानंतर गुरुजींची बदली झाली. नव्या गुरुजींना ती खोली दुधाची भुकटी ठेवायला पाहिजे होती, शाळेत वाटायची. ज्याचं त्यानं न्या म्हणाले. वाणी तोवर वारले होते, त्यांची पोरं पुण्यात, त्यांना दगडाचं कसलं कौतुक. थोरली दगड घेऊन घरी आली. पण देव्हाऱ्यात ठेवला नाही. सुपारी उठवली नाही. देव्हाऱ्याखाली एक फळी होती, तिच्यावर ठेवला. मी विचारलं, मग आई का वजन? ती म्हणाली, मला काय विचारतीस, तू शाळा शिकलीस.

आता थोरली नाही, चुलते नाहीत. ते घर वाटणीत माझ्याकडं आलं, फळीही आली. नवरात्रात मी सुपारीला पाणी घालते आणि दगडालाही घालते. तुझी आई एकदा म्हणाली, "आत्याबाई, नक्की कुणाची पूजा करताय?" सुनेपुढं मी फडकं उचललं. म्हणाले, पुसून ठेवते गं, धूळ बसते. कधी कधी दुपारी कुणी नसलं की डोळे मिटून मांडीवर घेते. खळग्यात अंगठा ठेवते. मला तर कोनाडा ठाऊक नाही, गोठा ठाऊक नाही, मला काय कळणार? तरी बघते.

तू शिकलेली आहेस. दगड कुठं झिजलाय, कशानं झिजलाय, हे तुम्हांला भिंगातून बघून कळतं म्हणतात. एकदा येऊन हातात घे. तुला कळलं तर मला सांग, नाही कळलं तरी राग नाही. पण दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नकोस, तेव्हा येणारे-जाणारे फार असतात, निवांत बोलणं होत नाही. त्याच्या आधी ये, चांगली दोन दिवस राहायला ये. आणि तुझी ती शाळेतली पोरं आणणार असलीस तर आधी सांग गं बाई, नाचणी दळून आणावी लागते.